रक्तदाब असणाऱ्यांनी व्यायामाला सुरुवात कशी करावी

रक्तदाबाचे निदान झाले की डॉक्टर चिठ्ठीवर गोळी लिहून देतात आणि रुग्ण उठता उठता सांगतात, 'मीठ कमी करा, आणि रोज चालत जा.' गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे सारे चिठ्ठीवर असते. मात्र किती चालायचे, किती वेगाने, कोणत्या दिवशी थांबायचे आणि कोणती लक्षणे दिसली तर लगेच घरी परतायचे, यांपैकी काहीच त्या चिठ्ठीवर नसते. चाळिशी-पन्नाशीत, आजवर व्यायाम न केलेल्या आणि नुकतीच रक्तदाबाची गोळी सुरू झालेल्या वाचकासाठी चिठ्ठीवरचा तो राहून गेलेला भाग या लेखात लिहिला आहे. व्यायामाकडेही औषधासारखेच, म्हणजे मात्रा ठरवून आणि परिणाम मोजून पाहावे, असे माझे मत आहे. पुढच्या सगळ्या सूचना त्याच मतातून आलेल्या आहेत.

व्यायामाने नेमके काय होते

चालू लागल्यावर रक्तदाब आधी वाढतो. स्नायूंना जास्त रक्त लागते, हृदय जोराने आकुंचन पावते आणि वरचा आकडा चढतो. हे स्वाभाविक आहे आणि त्याला घाबरण्याचे कारण नाही. चालणे संपल्यावर मात्र रक्तवाहिन्या काही तास सैल राहतात आणि रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा खाली राहतो. एका वेळच्या व्यायामाचा हा परिणाम फार तर दिवसभर टिकतो. हीच क्रिया आठवड्यामागून आठवडे घडत राहिली, की रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातून वाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड अधिक प्रमाणात सुटू लागते, वाहिन्यांचा ताठरपणा कमी होतो, शरीराला सतत सावध ठेवणाऱ्या मज्जासंस्थेचा जोर ओसरतो आणि विश्रांतीच्या वेळचा रक्तदाबही उतरतो. उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये नियमित चालण्यासारख्या व्यायामाने वरचा आकडा सरासरी ५ ते ८ अंकांनी कमी होतो, म्हणजे एखाद्या औषधाच्या एका गोळीने होणाऱ्या घटीच्या जवळपास. काहींमध्ये ही घट जास्त असते, काहींमध्ये फारशी दिसत नाही. पण रक्तातील साखर, वजन, झोप आणि हृदयाची क्षमता यांवर होणारा चांगला परिणाम त्यांनाही मिळतोच.

हृदयविकार आणि हालचाल यांचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो लंडनच्या दुमजली बसगाड्यांत. जेरी मॉरिस या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. गाडी तीच आणि शहरही तेच, फरक मुख्यतः हालचालीचा होता. अर्थात कंडक्टर व्यायाम म्हणून जिने चढत नव्हते, ते रोजचे काम होते, आणि नवख्याने त्यातून 'रोज' हाच शब्द उचलावा.

पहिली पायरी: आधी आठ दिवस मोजा

बूट घेण्याआधी रक्तदाब मोजण्याचे यंत्र घ्यावे. दंडावर पट्टा बांधायचे स्वयंचलित यंत्र चांगले. मनगटावरची यंत्रे हात जरा वरखाली झाला तरी आकडा बदलतात. पट्टा दंडाच्या जाडीला साजेसा हवा, कारण लहान पट्टा आकडा उगाच वाढवून दाखवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री आणि व्यायाम यांपैकी काही नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून खुर्चीवर बसावे, पाय जमिनीवर सपाट ठेवावेत, मांडीवर मांडी टाकू नये, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा आणि पाच मिनिटे गप्प बसून मग बटण दाबावे. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी असे सात दिवस वहीत लिहून, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. दवाखान्यातला १४०/९० हा आकडा घरच्या मोजणीत साधारण १३५/८५ च्या बरोबरीचा मानला जातो.

सरासरी १३५/८५ च्या आसपास किंवा त्याखाली असेल, तर पुढे सांगितलेला सगळा कार्यक्रम हळूहळू करता येईल. वरचा आकडा १६० च्या किंवा खालचा १०० च्या पुढे असेल, तर सपाट रस्त्यावरचे निवांत चालणे तेवढे करावे. वजने, टेकडी, धावणे आणि जोर-बैठका डॉक्टर औषधांची मात्रा बसवून देईपर्यंत बाजूला ठेवाव्यात. १८०/११० किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा पुन्हा येत असेल, तर व्यायामाचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. त्या आकड्याच्या जोडीला छातीत दुखणे, धाप, डोळ्यांपुढे अंधारी, बोबडी वळणे किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणे यांपैकी काही असेल, तर थेट १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात आणि गोव्यात हा क्रमांक एकच आहे.

दुसरी पायरी: कोणी आधी विचारावे

रक्तदाब आहे म्हणून चालायला लागण्यापूर्वी प्रत्येकाने तपासण्यांची रांग लावावी, असे नाही. तब्येत ठीक असेल आणि आकडे आटोक्यात असतील, तर हळू चालण्यात धोका नसतो. न चालण्यातला धोका त्याहून मोठा आहे. मात्र ज्यांना आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, झडपेचा आजार आहे, बरीच वर्षे मधुमेह आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, कधी चालता चालता भोवळ आली आहे, किंवा ज्यांच्या घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. जिना चढताना छातीवर दडपण येते आणि थांबल्यावर जाते, असे होत असेल तर त्यांनीही.

डॉक्टर ईसीजी, टूडी इको किंवा चालत्या पट्ट्यावरची स्ट्रेस टेस्ट सांगतील. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पडून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे हृदयाच्या वाहिन्या मोकळ्या आहेत, असे सिद्ध होत नाही. कारण अडथळा असलेल्या वाहिनीची तक्रार बहुधा श्रमातच उमटते. म्हणून कागदावरच्या 'नॉर्मल' या शब्दापेक्षा स्वतःच्या लक्षणांवर जास्त विश्वास ठेवावा.

तिसरी पायरी: जागा, वेळ आणि पायताण

चालण्याची जागा सपाट, माणसांचा राबता असलेली आणि शक्यतो गोलाकार असावी. दादरचे शिवाजी पार्क, कोल्हापूरचा रंकाळा, ठाण्याची तलावपाळी, नागपूरचा अंबाझरी परिसर किंवा गावातल्या शाळेचे मैदान, यांपैकी काहीही चालेल. गोल फेरीचा फायदा असा की मध्येच बरे वाटेनासे झाले तरी घरापासून आपण तीन किलोमीटर लांब नसतो. पुण्यात राहणाऱ्या नवख्यांना पर्वतीचा किंवा वेताळ टेकडीचा मोह होतो. पर्वतीच्या शंभराच्या वर पायऱ्या चढणे हा उत्तम व्यायाम आहे यात शंका नाही, पण तो तीन महिन्यांनंतरचा आहे, पहिल्या दिवसाचा नव्हे.

सकाळ बरी की संध्याकाळ, यावर फार खल करू नये. जी वेळ वर्षभर जमेल ती बरी. जेवणानंतर दीड-दोन तास तरी जाऊ द्यावेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. खिशात चार साखरेच्या गोळ्या किंवा गुळाचा खडा असू द्यावा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातनंतर उन्हात चालणे टाळावे, आणि कोकणात पावसाची झड लागली की इमारतीच्या पार्किंगमध्ये, लांब ओटीवर किंवा घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात. 'पाऊस थांबला की पुन्हा सुरू करू' म्हणणाऱ्याची सुरुवात बहुधा दिवाळीनंतर होते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब थोडा चढलेला असतो, म्हणून हिवाळ्यात कानटोपी घालावी आणि सुरुवातीचे हळू चालणे दुप्पट वेळ करावे. अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी दारातला बर्फ फावड्याने उपसण्याला व्यायाम समजू नये. बोचरी थंडी, हातांनी जोर लावणे आणि रोखलेला श्वास एकत्र आल्याने ते काम हृदयावर अचानक मोठा भार टाकते.

पायांत चप्पल नको. मागून बंद असलेले, टाचेला गादी असलेले बूट घ्यावेत. मधुमेह असेल तर घरी आल्यावर तळपाय पाहण्याची सवय लावावी, कारण पायांची संवेदना कमी झाली असेल तर फोड आलेलाही कळत नाही.

चौथी पायरी: पहिला आठवडा दहा मिनिटांचा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले प्रमाण असे आहे: आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जास्त श्रमाचा, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. हा आकडा वाचून पहिल्याच रविवारी दोन तास चालणाऱ्याला सोमवारी गुडघे आठवतात आणि मंगळवारी व्यायाम संपलेला असतो. म्हणून पहिला आठवडा फक्त दहा मिनिटांचा ठेवावा. आधी तीन ते पाच मिनिटे रमतगमत, मग दहा मिनिटे भरभर, शेवटी पुन्हा पाच मिनिटे रमतगमत. आठवड्यातून पाच दिवस.

शेवटची पाच मिनिटे वगळू नयेत. भरभर चालताना पायांच्या स्नायूंकडे भरपूर रक्त गेलेले असते आणि पोटऱ्यांच्या हालचालीने ते वर ढकलले जाते. एकदम थांबलो किंवा कट्ट्यावर जाऊन बसलो, की ते रक्त पायांतच साठते, रक्तदाब झपकन उतरतो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांमध्ये हे जास्त घडते. त्याच कारणाने घरी आल्या आल्या कढत पाण्याने अंघोळ करू नये. पंधरा-वीस मिनिटे थांबावे.

'भरभर' म्हणजे किती, याची सोपी कसोटी बोलण्याची आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येते, पण अभंग म्हणायला गेले तर दम पुरत नाही, तो मध्यम वेग. अभंग सहज म्हणता येत असेल तर पाय उचलावेत. वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग कमी करावा. दुसरी कसोटी पावलांची: मिनिटाला साधारण १०० पावले पडली की बहुतेक प्रौढांचा वेग मध्यम असतो, म्हणजे पंधरा सेकंदांत २५. नाडीवर वेग ठरवणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, त्यामुळे मिनिटाला कमाल ठोके किती, हे काढण्यासाठी २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र या गोळ्या घेणाऱ्यांना लागू पडत नाही, आणि ठोके वाढवण्याच्या हट्टापायी माणूस नको तेवढा पळतो. अशांनी बोलण्याच्या कसोटीवरच राहावे.

पाचवी पायरी: दोन महिन्यांत अर्ध्या तासापर्यंत

दुसऱ्या आठवड्यात भरभर चालण्याची वेळ पंधरा मिनिटे करावी, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत वीस, पाचव्या-सहाव्यात पंचवीस आणि सातव्यापासून तीस. पाच दिवस गुणिले तीस मिनिटे म्हणजे दीडशे मिनिटांचे प्रमाण पूर्ण झाले. एखादा आठवडा जड गेला तर पुढचा आठवडाही त्याच मिनिटांवर राहावे. इथे कोणी परीक्षा घेत नाही. सलग अर्धा तास मिळत नसेल तर सकाळी दहा, दुपारी दहा, संध्याकाळी दहा असे तुकडे केले तरी मिनिटे मोजली जातात. मात्र एका व्यायामाचा परिणाम दिवसभरच टिकत असल्याने, व्यायामाविना सलग दोन दिवसांपेक्षा जास्त जाऊ देऊ नयेत. शनिवार-रविवारी सगळी मिनिटे भरून काढणे हे काहीच न करण्यापेक्षा बरे आहे, पण रोजचा रक्तदाब उतरवायचा असेल तर दिवस विखुरलेलेच हवेत.

दहा हजार पावलांचे काय, असे विचारले जाते. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राचे नावच 'दहा हजार पावलांचा मापक' असे होते, आणि तिथून तो जगभर पसरला. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो. मनगटावरच्या घड्याळात ९,२०० दिसले म्हणून रात्री अकरा वाजता दिवाणखान्यात येरझाऱ्या घालण्याची गरज नाही.

घरकामाचा प्रश्नही इथेच घ्यायला हवा, कारण 'दिवसभर उभीच असते, मला वेगळा व्यायाम कशाला?' असे अनेक जणी म्हणतात. पाणी भरणे, फरशी पुसणे, शेतात खुरपणे यांत श्रम नक्कीच असतात आणि ते वाया जात नाहीत. परंतु ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक करताना श्वास वाढत नाही, आणि हृदयाला जो सराव हवा असतो तो श्वास वाढल्यानेच होतो. शिवाय घरकाम ही जबाबदारी आहे. त्यात मनावरचा ताण उतरत नाही, उलट वाढतोही. घरातल्या बाईला अर्धा तास बाहेर चालायला मिळावा म्हणून तेवढ्या वेळापुरते कुकरकडे बाकीच्यांनी लक्ष द्यावे.

तीन महिन्यांनंतर सपाट रस्ता सोपा वाटू लागला, की वेळ चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर न्यावी किंवा चालण्यात चढउतार आणावा: एक मिनिट जास्तीत जास्त वेगाने, मग दोन मिनिटे नेहमीच्या, असे सहा-सात वेळा. टेकडीचा विचार तेव्हा करावा. सायकल आणि पोहणे हेही तितकेच चांगले पर्याय आहेत, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी तर चालण्यापेक्षा बरे.

सहावी पायरी: बळाचा व्यायाम, पण श्वास न रोखता

रक्तदाब असणाऱ्यांनी वजने उचलू नयेत, असे पूर्वी सरसकट सांगितले जाई. आज तसे कोणी सांगत नाही, पण त्या भीतीला आधार होता. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कमावलेल्या शरीराच्या तरुणांच्या धमनीत नळी घालून, त्यांनी दोन्ही पायांनी कमाल वजन ढकलताना रक्तदाब मोजला गेला. तो सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला होता. इतका मोठा आकडा येतो तो वजन आवाक्याच्या टोकाचे असल्यामुळे आणि जोर लावताना श्वास रोखून पोट आवळल्यामुळे. म्हणून नियम दोनच: वजन हलके ठेवावे आणि जोर लावताना श्वास सोडावा. श्वास रोखला जात नाही ना, याची खात्री करायला मोठ्याने आकडे मोजावेत. मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही.

चालण्याच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून, मध्ये एक दिवस सोडून आठवड्यातून दोनदा हा भाग करावा. जिमची गरज नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीवर हात टेकून जोर काढणे, स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या, म्हणजे साधारण एकेक किलो, कोपरात दुमडून खांद्यापर्यंत आणणे आणि रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून स्वतःकडे ओढणे. प्रत्येक प्रकार दहा ते पंधरा वेळा, मग मिनिटभर विसावा, मग पुन्हा एकदा. शेवटच्या वेळी 'अजून दोन-तीन जमले असते' असे वाटले, तर वजन बरोबर आहे. तरुणपणी तालमीत जाणाऱ्यांना पन्नाशीत पुन्हा दोनशे बैठका मारण्याची हुक्की येते. शरीराला त्या बैठका आठवत असतात, पण धमन्या तीस वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या असतात.

गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रकार पुढे आला आहे, तो म्हणजे हालचाल न करता स्नायू ताणून धरण्याचा. २०२३ मध्ये २७० प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात विश्रांतीचा रक्तदाब उतरवण्यात हा प्रकार सर्वांत पुढे दिसला. वरच्या आकड्यातील सरासरी घट ८ अंकांच्या आसपास होती. भिंतीला पाठ टेकून, अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे वाकवून दोन मिनिटे थांबायचे, दोन मिनिटे विसावा घ्यायचा, असे चार वेळा आणि आठवड्यातून तीन दिवस. नवख्याला पहिल्या दिवशी दोन मिनिटे जमणार नाहीत. गुडघे थोडेच वाकवून वीस-तीस सेकंदांपासून सुरुवात करावी आणि आठवड्याला दहा-पंधरा सेकंद वाढवावेत. हे करताना रक्तदाब चढतो, म्हणून आकडे आटोक्यात आल्याशिवाय आणि डॉक्टरांना सांगितल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये. निष्कर्ष आकर्षक आहे, तरीही चालणे सोडून फक्त भिंतीला टेकून राहण्याचा सल्ला मी देणार नाही. साखर, वजन आणि दमश्वास यांना जे हवे ते चालण्यातूनच मिळते.

सूर्यनमस्कार आणि प्राणायाम

औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार हिरिरीने केला, आणि आजही मराठी घरांत व्यायाम म्हटले की पहिला शब्द तोच निघतो. रक्तदाब आटोक्यात असेल तर सूर्यनमस्कार जरूर घालावेत, मात्र सावकाश आणि कुंभक न करता, म्हणजे कोणत्याही स्थितीत श्वास कोंडून न ठेवता. चार-सहा नमस्कारांपासून सुरुवात करावी. डोके खाली जाणाऱ्या स्थितीतून एकदम ताठ उभे राहू नये, गोळ्या चालू असताना घेरी येऊ शकते. शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन नवख्यांनी करू नयेत, आणि आकडे चढलेले असताना कपालभाती-भस्त्रिकाही वेगाने करू नयेत. अनुलोम-विलोम किंवा मिनिटाला सुमारे सहा श्वास इतक्या संथ गतीने दहा मिनिटे केलेले श्वसन मन शांत करते आणि रक्तदाबालाही थोडी मदत करते. पण ती मिनिटे दीडशेत धरायची नाहीत.

गोळ्या, पाणी आणि वेदनाशामके

व्यायाम सुरू झाला म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये किंवा अर्धी करू नये. ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्या वाहिन्या सैल करतात, त्यामुळे एकदम थांबल्यावर घेरी येण्याची शक्यता वाढते; घोट्यांवर येणारी सूजही अनेकदा याच गोळीची असते, चालण्याची नव्हे. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाण्याकडे लक्ष द्यावे, पण साधे पाणीच प्यावे. तासाभराच्या आतल्या चालण्यासाठी ओआरएसची पाकिटे किंवा मिठाचे लिंबू सरबत लागत नाही. घामात गेले त्याहून जास्त मीठ पोटात जाते. ज्यांना हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी तेच प्रमाण पाळावे.

व्यायाम सुरू झाल्यावर होणारी सर्वांत मोठी चूक मात्र औषधाच्या दुकानात होते. दुसऱ्या आठवड्यात गुडघा किंवा टाच दुखू लागते, दुकानदार डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी देतो आणि ती महिनाभर चालू राहते. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवून रक्तदाब वाढवतात, आणि टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी व लघवीची गोळी यांच्या जोडीने मूत्रपिंडावर घाव घालू शकतात. महिनाभर घाम गाळून कमावलेले पाच अंक असे गमावण्यापेक्षा चार दिवस विश्रांती घ्यावी, शेकावे, बूट तपासावेत आणि तरीही दुखत राहिले तर डॉक्टरांना विचारूनच औषध घ्यावे.

कधी थांबावे

चालताना छातीत दडपण, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे, जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात कळ जाणे, नेहमीच्या वेगाला अनपेक्षित धाप लागणे, थंड घाम, छातीत अनियमित धडधड किंवा भोवळ यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच थांबून बसावे. पाच मिनिटांत उतरले नाही तर १०८ ला फोन करावा. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नये. 'गॅस झाला असेल' या तीन शब्दांनी आपल्याकडे अनेकांचा मोलाचा तास वाया जातो. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही, नुसती धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवा एवढ्यानेच झटका येऊ शकतो. थांबल्यावर लक्षणे निघून गेली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे, कारण श्रमात येणारी आणि विश्रांतीत जाणारी कळ ही हृदयाची जुनी खूण आहे. ताप, जुलाब किंवा रात्रभर जागरण झालेल्या दिवशी व्यायामाला सुट्टी द्यावी.

आषाढी वारीला जाणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर, त्यात माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाटाची चढण, आणि वर्षभर दुकानात किंवा कचेरीत बसलेला माणूस केवळ श्रद्धेच्या बळावर निघतो. निदान दोन महिने आधीपासून वर सांगितल्याप्रमाणे अर्ध्या तासापर्यंत यावे आणि मग दर रविवारी एक लांब चाल वाढवत न्यावी. महिनाभराच्या गोळ्या चिठ्ठीसह जवळ ठेवाव्यात, निम्म्या स्वतःच्या पिशवीत आणि निम्म्या दिंडीच्या ट्रकमधल्या सामानात. घाट चढताना मागे राहिलो तरी बिघडत नाही, पालखी मुक्कामावर भेटतेच.

तीन महिन्यांनी

बाराव्या आठवड्यात पहिल्या आठवड्यासारखेच सात दिवस मोजून सरासरी काढावी आणि दोन्ही पाने डॉक्टरांपुढे ठेवावीत. मोजणी व्यायामानंतर लगेचची नको, नाहीतर कधी आकडा चढलेला आणि कधी फसवा कमी दिसेल. आकडे उतरले असतील तर गोळीची मात्रा कमी करायची की तीच ठेवायची, हे डॉक्टर ठरवतील. बसल्या जागेवरून उठताना अंधारी येते आणि वरचा आकडा १०० च्या खाली जातो, असे होत असेल तर तीन महिने थांबू नये, आधीच सांगावे. आकडे उतरले नसतील तर व्यायाम फुकट गेला असे नाही; मीठ, तंबाखू, दारू, झोपेतील घोरणे आणि वेदनाशामके यांची चौकशी तेव्हा करावी लागते.

लग्नसराई, आजारपण किंवा परगावचे काम यामुळे कधीतरी खंड पडतोच. दोन-तीन आठवडे व्यायाम थांबला तर मिळवलेली घट ओसरू लागते. परतल्यावर जिथे सोडले होते तिथून सुरू न करता निम्म्या मिनिटांपासून सुरू करावे आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. तीस मिनिटांवर असणारा माणूस पंधरावर आला, तर महिन्याभरात तो पुन्हा तिसावर पोहोचतो.